काट्याला शिक्का आहे, आतल्या लॉकचं काय?

नगर जिल्ह्यात भांडण लावायला दोन विषय पुरतात, पाणी आणि काटा. पाण्यावर बोलायला पुढारी पुष्कळ आहेत. मी काट्यावर बोलतो, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. संगमनेरला माझं लहानसं वर्कशॉप आहे. दूध संकलन केंद्रांवरची यंत्रं, इलेक्ट्रॉनिक काटे, डिस्प्ले, प्रिंटर माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि एक-दोन छोट्या उत्पादकांसाठी यंत्राच्या आतला प्रोग्रॅमही मी लिहितो.

काट्यावरचा संशय आपल्याकडे जुना. साखर कारखान्याच्या गेटवर उसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा ट्रॅक्टरवाला आकड्याकडे जसा बघतो, तसा तो स्वतःच्या पोराच्या मार्कशीटकडेही बघत नसेल. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि रस्त्यावर दूध ओतलं गेलं, तेव्हा चर्चा भावाची झाली. पण अकोले तालुक्याच्या बाजूला किसान सभेच्या आणि दूध उत्पादकांच्या आंदोलनांत भावाच्या जोडीला आणखी एक मागणी सतत असते: केंद्रांवरचे काटे आणि दुधाची प्रत मोजणारे मिल्कोमीटर तपासा. मागणी रास्त आहे. मला पुढचा प्रश्न पडतो, तपासायचं म्हणजे नेमकं काय तपासायचं? आज आपण वजन तपासतो. यंत्र ज्या क्षणी चुकतं तो क्षण मात्र त्या तपासणीत येतच नाही, आणि येणारही नाही.

सकाळी सहा-साडेसहाला कुठल्याही केंद्रावर उभे राहा. एक जण दूध घालतोय, मागे किटल्या, बरण्या, कॅनची रांग. काट्याकडून वायरीतून आकडा येतोय. शेजारी मिल्कोमीटरमध्ये सॅम्पल लागलंय, त्याची फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, दुसऱ्या वायरीतून येणार. सचिव कीपॅडवर सभासद नंबर मारतोय. प्रिंटर आधीच्या माणसाची पावती काढतोय, मोडेम त्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवतोय. ही सगळी मंडळी एकाच छोट्या प्रोसेसरला हाका मारत असतात. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम जिथे असेल तिथे सोडतो, हाकेसाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम चालवतो, म्हणजे इंटरप्ट हँडलर, आणि परत येऊन जुनं काम तिथूनच पुढे चालू करतो. जुन्या कामाला मधे कोणी येऊन गेल्याचा पत्ताही नसतो. सगळी गंमत आणि सगळा घोळ याच्यातच आहे.

हाक थांबत नाही. काट्याची वायर ९६०० बॉडला चालत असेल तर साधारण दर मिलिसेकंदाला एक अक्षर येऊन पडतं. ते वेळेत उचललं नाही तर पुढचं अक्षर त्याच्या डोक्यावर येतं आणि पहिलं गेलं. म्हणून हँडलर तुरुतुरु अक्षरं उचलतो आणि मेमरीतल्या एका जागी लावून ठेवतो. मुख्य प्रोग्रॅम सवडीने तिथून आकडा वाचतो आणि पावतीवर छापतो. एक जागा, दोघांचा वावर.

आता एक खरी केस. अकोले तालुक्यातल्या एका केंद्रावरून यंत्र आलं. तक्रार अशी की मधूनच कोणाचं तरी लिटरभर दूध कमी भरतं. रोज नाही, ठरावीक माणसाचंही नाही. काटा दोनदा बदलून झाला होता. सचिव सोबतच आला होता, म्हणाला, "भाऊ, गावात माझं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. लोक म्हणतात काटा खातो, आणि काटा कोणाच्या हातात? माझ्या." मी वजनं ठेवून बघितली. पाच, दहा, वीस, सगळं चोख. मग लॅपटॉप वायरीला जोडला आणि काट्याकडून येणारा एकेक आकडा नोंदत बसलो. दुसरीकडे पावत्या. एका पावतीवर ९.०२ लिटर होतं. वायरीवरून त्या वेळी १०.०२ आलं होतं, त्यापाठोपाठ ९.९८ आलं होतं. ९.०२ हा आकडा काट्याने पाठवलेलाच नव्हता.

तो आला कुठून? कॅनच्या कडेला कोणाचा तरी हात टेकलेला होता, तो निघाला, वजन १०.०२ वरून ९.९८ वर उतरलं. हँडलर जुन्या आकड्यावर नवा आकडा अक्षर-अक्षर लिहीत होता. पहिली दोन अक्षरं, ०९, लिहून झाली होती आणि मागची .०२ अजून जुनीच होती. नेमकं त्याच वेळी मुख्य प्रोग्रॅमने आकडा उचलला. अर्धा नवा, अर्धा जुना. वजन चढताना हेच घडलं तर ९.९८ वरून १०.०२ वर जाताना १०.९८ छापून येईल. तसंही घडत असणार, पण वर गेलेल्या आकड्याची तक्रार घेऊन आजवर माझ्याकडे कोणी आलेलं नाही.

शिक्का मारणारा निरीक्षक हा दोष का पकडू शकत नाही, ते आता बघा. तो प्रमाणित वजन ठेवतो, आकडा स्थिर होतो, १०.००, १०.००, १०.०० असाच येत राहतो. अर्धा जुना आणि अर्धा नवा मिळाला तरी तो १०.००च. स्थिर वजनाने हा दोष दिसणं मुळातच अशक्य आहे, मग वजन कितीही अचूक असो आणि निरीक्षक कितीही प्रामाणिक असो. सचिवाला गावाने चोर ठरवलं, त्या वेळी काट्यावर शिशाचं सील आणि चालू वर्षाचा शिक्का दोन्ही शाबूत होते.

यावरचा उपाय जुना आहे आणि कठीणही नाही, पण अर्धा केला तर नवा घोळ घालतो. अनेक पोरांना वाटतं, आकडा वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद केले की झालं. इथे तेवढ्याने भागत नाही, कारण अर्धा आकडा आधीच लिहिलेला असू शकतो. हँडलरने नवा आकडा वेगळ्या जागी पूर्ण जमवायचा, शेवटचं अक्षर आल्यावर तपासायचा, आणि मगच 'आता हा खरा' असं ठरवायचं. मुख्य प्रोग्रॅमने तो पूर्ण आकडा उचलताना इंटरप्ट बंद ठेवायचे, तेही काही मायक्रोसेकंद. पावती छापेपर्यंत बंद ठेवले तर वायरीवरची अक्षरं गळणार. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: इंटरप्ट बंद करण्याआधी ते चालू होते की बंद, हे लिहून ठेवायचं आणि शेवटी तीच स्थिती परत आणायची. डोळे मिटून 'चालू' करायचं नाही. कारण ज्याने आपल्याला बोलावलं त्यानेही स्वतःच्या कामासाठी ते बंद ठेवलेले असू शकतात. आपण चालू करून मोकळे होतो, आणि त्याचं काम अर्ध्यात उघडं पडतं. अशा चुकीचं यंत्र एकदा हातात आलं की महिना त्यातच जातो.

नव्या यंत्रांचं दुखणं याहून मोठं. काहींमध्ये लिनक्स असतं, दोन किंवा चार कोअरचा प्रोसेसर असतो. तिथे एका कोअरने आपल्यापुरते इंटरप्ट बंद केले तरी दुसरा कोअर मोकळाच असतो. म्हणून स्पिनलॉक लागतो, म्हणजे सामायिक जागेला हात लावण्याआधी घ्यायचं, एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप. ज्याला लॉक मिळत नाही तो जागच्या जागी घिरट्या घालत 'सुटला का, सुटला का' असं विचारत राहतो. दुसऱ्या कोअरवरचं काम आटोपतं, लॉक सुटतो, ठीक. पण समजा एका कोअरवर प्रोग्रॅमने लॉक घेतला, इंटरप्ट चालूच ठेवले, आणि त्याच कोअरवर हाक आली. हँडलरलाही तोच लॉक हवा आहे. केंद्राच्या सचिवासारखी गत होते: रजिस्टर त्याच्याच हातात आहे, लिहिता लिहिता फोन आला, आणि फोनवर तो म्हणतोय, "थांबा, ज्याच्याकडे रजिस्टर आहे त्याने खाली ठेवलं की बघून सांगतो." तो कधीच सांगणार नाही. हँडलर लॉक सुटण्याची वाट बघतोय, आणि ज्याने लॉक सोडायचा तो प्रोग्रॅम हँडलर संपायची. यंत्र तिथेच गोठतं.

म्हणून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, नियम आहे की हँडलरही वापरतो असा लॉक इतर कोडने घेताना आपल्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करूनच घ्यायचा. 'स्पिन लॉक आयआरक्यू सेव्ह' नावाची सोय त्यासाठीच आहे, आणि तिच्यातला 'सेव्ह' म्हणजे वर सांगितलेली आधीची स्थिती लिहून ठेवणं. दुसरा नियम असा की हँडलरमध्ये झोपायचं नाही. ज्या लॉकसाठी रांगेत झोपून वाट बघावी लागते तो तिथे चालत नाही. मेमरीसुद्धा 'लगेच असेल तर दे, नसेल तर नाही म्हण' अशाच अटीवर मागायची. वेळखाऊ काम हँडलरच्या बाहेर, नंतरसाठी ठेवायचं.

नियम मोडला तर रोज गोठेल असं नाही. लॉक हातात असतानाच्या काही मायक्रोसेकंदांत नेमकी हाक यावी लागते. महिन्यातून एकदा येते, आणि येते तीसुद्धा सकाळच्या गर्दीत, कारण हाका तेव्हाच जास्त असतात. मग सचिव काय करतो? स्विच बंद करून चालू करतो. बऱ्याच यंत्रांत तर वॉचडॉग टायमर असतो, यंत्र गोठलं की तोच ते परत चालू करतो. कोणाला कळतही नाही. त्या वेळी काट्यावर ज्याचं दूध होतं त्याची नोंद गेली, पुन्हा मोजलं गेलं किंवा नाही. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो तेव्हा हिशेब लागत नाही आणि डेअरीच्या ओट्यावर भांडण उभं राहतं. वॉचडॉग असू नये असं मी म्हणत नाही, पण त्याने यंत्र किती वेळा उठवलं याची नोंद तरी छापा. मी पाहिलेल्या बहुतेक यंत्रांत ती नाही.

या भीतीला नाव देणारा पहिला माणूस बहुधा हॉलंडचा एड्सगर डाइक्स्ट्रा. १९५० च्या दशकाच्या शेवटी एक्स-१ नावाच्या संगणकात सहकाऱ्यांनी इंटरप्ट घालायचं ठरवलं, तेव्हा हा माणूस घाबरला आणि त्याने टाळाटाळ केली. चूक झाली तर ती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही, ही त्याची भीती होती. शेवटी त्यानेच त्या यंत्राचे हँडलर लिहिले आणि १९५९ चा त्याचा प्रबंध त्याच कामावर आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हाच डाइक्स्ट्रा जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांच्या कोड्यापुरता उरलाय. कोडं परीक्षेत हमखास येतं, पोरं आकृती काढून मार्क घेतात. यातल्या कितीकांनी खरा इंटरप्ट हँडलर लिहिलाय, हे कामाला ठेवताना मी विचारतो. उत्तरं ऐकून आता विचारायचं सोडून द्यावं असं वाटतं.

चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, याची किंमत जगाने मोजलेली आहे. अमेरिकेत टेक्सासच्या टायलर गावात मार्च १९८६ मध्ये थेरॅक-२५ या कर्करोगाच्या उपचारयंत्राने एका रुग्णाला भलताच मोठा डोस दिला. तंत्रज्ञांनी तपासलं, दोष सापडला नाही, एप्रिलमध्ये यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि चारच दिवसांत दुसरा रुग्ण भाजला. आत दोन कामं एकाच माहितीला एकाच वेळी हात लावत होती, आणि चालवणारी बाई सराईतपणे भरभर बटणं दाबायची तेव्हाच ते जमून यायचं. तपासणारे सावकाश दाबत होते. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्येत आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. निमित्त तारांना टेकलेल्या झाडांचं, पण ओहायोतल्या कंट्रोल रूममधली धोक्याची घंटा देणारी यंत्रणा आधीच गुपचूप अडकली होती आणि तासाहून अधिक वेळ कोणाला पत्ता नव्हता. तिथेही असाच दोन कामांचा एकाच माहितीवरचा गोंधळ निघाला. ते सॉफ्टवेअर त्याआधी तीस लाख तासांहून जास्त चाललेलं होतं. तीस लाख तासांत जी चूक दिसत नाही, ती वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाला अर्ध्या तासात दिसावी ही अपेक्षा आपण कोणाकडून करतोय?

चालवून बघून ही चूक सापडत नसेल तर सापडते कशी? निदान लॉकच्या चुकीपुरतं लिनक्सवाल्यांनी याचं उत्तर २००६ मध्येच दिलं. इंगो मोलनार यांनी कर्नलमध्ये लॉकडेप नावाचा तपासनीस घातला. तो यंत्र गोठायची वाट बघत नाही. प्रत्येक प्रकारच्या लॉकबद्दल तो इतर गोष्टींबरोबर या दोन गोष्टी लक्षात ठेवतो: हा लॉक कधी इंटरप्ट हँडलरमध्ये घेतला गेला का, आणि हाच लॉक कधी इंटरप्ट चालू असताना घेतला गेला का. दोन्हीचं उत्तर हो आलं की तो तिथल्या तिथे ओरडतो. एक गोष्ट सोमवारी घडलेली असो आणि दुसरी बुधवारी, त्याला फरक पडत नाही. अपघात घडलाच पाहिजे असं नाही, अपघाताला वाट मोकळी आहे एवढं त्याला पुरतं. शिवाय हे फुकट आहे. कर्नल तयार करताना एक पर्याय चालू करायचा आणि यंत्र दिवसभर राबवायचं. विकायच्या यंत्रात तो ठेवत नाहीत, वेग मंदावतो म्हणून. चाचणीच्या यंत्रात न ठेवायला मात्र काही कारण नाही.

आता आपल्या कायद्याकडे या. वैधमापन शास्त्र कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०११ पासून. नव्या काट्याच्या मॉडेलला मान्यता घ्यावी लागते, आणि वापरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरपडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. काट्याच्या सॉफ्टवेअरबद्दलचे आंतरराष्ट्रीय निकषही आहेत, पण त्यांचा रोख मुख्यतः छेडछाडीवर: कोणी बाहेरून प्रोग्रॅम बदलू नये, बदलला तर कळावं. ते हवंच. पण ज्याचा प्रोग्रॅम कोणी बदललेला नाही, ज्याचं सील तुटलेलं नाही, आणि ज्याच्या आत पहिल्या दिवसापासून लॉकची चूक आहे, त्या यंत्राचं काय? त्याला आपण दरवर्षी इमानेइतबारे शिक्का मारतोय. काट्याचा आकडा पुढे ज्या संकलन यंत्रात जातो आणि जिथे पावती तयार होते, तिथे तर सगळं रामभरोसे. माझ्या केसमध्ये काटा निर्दोष होता, चूक त्या पुढच्या डब्यात होती.

त्या डब्याच्या उत्पादकाला मी फोन केला. तिकडचे साहेब म्हणाले, "शिक्का बघा की, मशीन पास आहे." मी वायरीच्या नोंदी आणि पावत्या पाठवल्या. पंधरा-वीस दिवसांनी नवी चिप आली. आत काय बदललं, ते विचारूनही सांगितलं नाही. कोड आमची मालमत्ता आहे, म्हणाले. असेल. पण त्या सचिवाची अब्रू कोणाची मालमत्ता? मुद्दाम मारलेला काटा आणि इमानदारीने झालेली लॉकची चूक, बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. पावतीवर ९.०२ दोन्हीकडे ९.०२च असतं. कोड बघितल्याशिवाय चोर कोण आणि बेसावध कोण हे सांगणं मलाही शक्य नाही. जो उत्पादक कोड दाखवत नाही, तो उद्या खऱ्या चोराच्या पंगतीत बसवला गेला तर तक्रार कोणाकडे करणार?

माझी मागणी शासनाकडे नंतर, आधी आपल्या दूध संघांकडे आणि कारखान्यांकडे आहे, कारण यंत्रं विकत घेणारे तेच. पुढच्या खरेदीच्या टेंडरमध्ये लिहा: यंत्राचा कोड सीलबंद करून संघाकडे ठेवावा, तक्रार आली की तो उघडण्याचा अधिकार संघाला राहील, लिनक्सवर चालणारं यंत्र असेल तर लॉकडेप चालू ठेवून घेतलेल्या चाचणीचा अहवाल जोडावा, लहान चिपचं असेल तर हँडलर आणि मुख्य प्रोग्रॅम यांच्यात सामायिक असलेल्या प्रत्येक जागेची यादी आणि तिचं रक्षण कसं केलंय ते द्यावं, आणि चाचणी स्थिर वजनावर न करता, दूध ओतलं जात असताना, प्रिंटर, मिल्कोमीटर आणि कीपॅड एकदम चालवून करावी. ही यादी देताना ज्याला घाम फुटेल त्याचं यंत्र घेऊ नका.

हा कोड वाचणार कोण, असं एका संघाचे अधिकारी मला म्हणाले. निरीक्षक कोड वाचणार का? नकोच. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, आणि त्याच वर्षी संगमनेरला अमृतवाहिनी, लोणीला प्रवरा आणि कोपरगावला संजीवनी उभी राहिली. ज्या सहकारातून दूध संघ आणि कारखाने झाले, त्याच सहकारातून ही कॉलेजं झाली. दरवर्षी तिथली पोरं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधत फिरतात आणि कुठून तरी उचललेली चेहरा ओळखणारी हजेरी सादर करतात. त्यांना दोन संकलन यंत्रं द्या, कोड द्या आणि एक सत्र द्या. पाच तत्त्वज्ञ जेवले का उपाशी राहिले ते बाजूला ठेवून त्यांनी आपल्याच तालुक्यातल्या केंद्रावरच्या यंत्राचे लॉक तपासावेत. कुठल्या प्राध्यापकांची तयारी असेल तर माझ्या वर्कशॉपमध्ये तीन यंत्रं पडून आहेत, वायरीच्या नोंदी आणि पावत्यांसकट घेऊन जा.